बोटीचा ठावठिकाणा

१७ जुलै १९४७ ची सकाळ. पावसाळी हवा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' ही आगबोट रेवसला निघाली. १७९ फूट लांबीची ही बोट १९३६ साली बांधलेली होती. तीत सुमारे सातशे माणसे होती. रेवस काही परदेश नव्हे, बंदरापलीकडचाच किनारा. पण वाटेत काशाच्या खडकाजवळ बोट वादळात सापडली, कलंडली आणि बुडाली. सहाशेंहून अधिक लोक प्राणांस मुकले.

मुंबई अवघ्या काही मैलांवर होती. परंतु तेथे कोणासही या संकटाची वार्ता नव्हती. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. काही जण पोहून किनाऱ्यास लागले, तेव्हा कित्येक तासांनी बातमी शहरात पोचली. बंदरात बोटी होत्या, दर्यावर्दी माणसे होती; नव्हती ती केवळ खबर.

मुलांनो, समुद्रावर ना रस्ता, ना मैलाचा दगड. मग बोटीची जागा सांगावी कशी? अक्षांश व रेखांश सांगून. हिंगोली जिल्ह्यातील वसमत समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. पण त्याचाही असा पत्ता आहे : सुमारे १९ अंश २० मिनिटे उत्तर अक्षांश व ७७ अंश १० मिनिटे पूर्व रेखांश. अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर. ताशी एक सागरी मैल या वेगास 'नॉट' म्हणतात.

आज परदेशी जाणाऱ्या प्रत्येक प्रवासी बोटीवर आपला ठावठिकाणा आपणच कळविणारे यंत्र असावे लागते. उपग्रहांच्या साहाय्याने बोटीस स्वतःची जागा समजते. चालत्या बोटीवरील यंत्र दर काही सेकंदांनी ती जागा, वेग व दिशा रेडिओलहरींनी कळविते. बोटीचे नाव, लांबी, रुंदी, प्रकार, पाण्यातील खोली व मुक्कामाचे बंदर ही माहिती दर सहा मिनिटांनी जाते. शिवाय बोटीस सात आकडी क्रमांक असतो. नाव बदलो, मालक बदलो. क्रमांक तोच राहतो.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल! म्हणून किनाऱ्यावरील केंद्रास काही दशक मैलांपर्यंतच्याच बोटी कळतात. त्यापलीकडचे संदेश उपग्रह टिपतात.

तथापि मुक्कामाचे बंदर यंत्रात माणसानेच भरावयाचे असते. तो चुकला, तर यंत्रही चुकीचेच सांगते. शिवाय आलेला संदेश वाचणारा कोणीतरी किनाऱ्यावर जागा असावा लागतो. 'रामदास'च्या वेळी सांगणारे यंत्र नव्हते. आज ते आहे. ऐकण्याचे काम मात्र अजूनही माणसाचेच आहे.

स्वाध्याय

१. 'रामदास' बुडाल्याची वार्ता मुंबईस उशिरा का पोचली?
२. बोटीची कोणती माहिती सतत बदलते व कोणती बदलत नाही?
३. ताशी १५ नॉट वेगाची बोट चार तासांत किती सागरी मैल जाईल? या प्रश्नातील 'ताशी' हा शब्द अनावश्यक का आहे?
४. नकाशात आपल्या गावाचे अक्षांश व रेखांश शोधा.