फोन शेत दाखवतो, हद्द नाही

आमच्या भरे गावात जमिनीचे सौदे गुंठ्यावर व्हायला लागले, तशी बांधावरून फोन धरून फिरणारी माणसंही दिसू लागली. अशा फिरण्यावर कुणी पैसे मोजू नयेत, म्हणून हे सांगतो.

आमच्या भावकीतल्या एका तुकड्याचं वाटप ठरलं. मध्यस्थानं क्षेत्र मोजायचं अ‍ॅप लावलं, चारी बांध फिरून आकडा काढला आणि कोपऱ्यांवर चुन्याची फक्की मारली. थोरले काका म्हणाले, "आता उलट्या अंगानं फिर बरं." उलटं फिरल्यावर त्याच तुकड्याचा आकडा बदलला. आंब्याखाली तर स्क्रीनवरची रेघ थेट शेजारच्या खाचरात उतरली होती. फिरणारा मात्र दोन्ही वेळा बांधावरच होता.

गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. मोकळ्या आकाशाखालीही फोनचं जीपीएस साधारण 5 मीटर, म्हणजे 16 फूट इकडेतिकडे होतं. एका कोपऱ्याची चूक गुंठ्याच्या जवळपास अर्ध्या बाजूएवढी! झाडोरा किंवा पत्र्याची शेड असली की सिग्नल आपटून, वळसा घेऊन येतो आणि फरक आणखी वाढतो.

मग पुतण्यानं ब्लूटूथवर चालणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर आणला. ठिपका कमी नाचू लागला, पण स्थिर ठिपका बरोबर जागीच असतो असं नाही. वातावरणातून येताना उपग्रहाच्या सिग्नलला उशीर होतो. तो नेमका किती, हे साध्या रिसीव्हरला एकट्याला कळत नाही. त्यासाठी ज्याची जागा पक्की ठाऊक आहे असं स्थानक लागतं. सर्व्हे ऑफ इंडियानं महाराष्ट्रात अशी 77 'कॉर्स' स्थानकं उभारली आहेत. भूकरमापकाच्या काठीवरचा रिसीव्हर, म्हणजे रोव्हर, त्यांच्याकडून दुरुस्ती घेतो, म्हणून तो काही सेंटिमीटरपर्यंत पोचतो.

तेव्हा कामाप्रमाणे साधन निवडा. शेत शोधायला, डोंगरवाट धरायला किंवा ई-पीक पाहणीचा फोटो काढायला फोन पुरतो. ठिपक्याभोवतीचं निळं वर्तुळ मात्र बघत जा. अँड्रॉइडच्या हिशोबात खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता 68 टक्केच धरलेली असते.

वेगळा रिसीव्हर घ्यायचाच असेल, तर तो दोन फ्रिक्वेन्सी पकडतो का आणि अशा स्थानकांकडून येणारी दुरुस्ती (आरटीके) घेतो का, हे दुकानातच विचारा. नुसता जोडूनही भागत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन 'मॉक लोकेशन'साठी त्याचं अ‍ॅप निवडावं लागतं. नाहीतर खिशात महागडा रिसीव्हर आणि नकाशावर फोनचंच जीपीएस, असा प्रकार होतो.

हद्दीचं काम यापलीकडचं. रोव्हर उभा आहे ती जागा अचूक सांगेल. पण गटाचा कोपरा जुन्या नकाशाप्रमाणे कुठे पडतो, हे भूकरमापकानंच ठरवायचं. आज दिसणारा बांध वर्षानुवर्षांच्या नांगरटीत सरकलेलाही असू शकतो. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, लगतच्या खातेदारांना नोटीस जाऊ द्या आणि मोजणीची 'क' प्रत हातात घ्या. घेणाऱ्यांनी तर इसार देण्याआधीच ती मागावी. "फोनवर मोजलंय, काळजी नको," असं उत्तर आलं, तर मोजणी होईपर्यंत पैसे खिशातच ठेवावेत.