कानाची गाठ आणि रजेचा हिशेब

बहारीनमधल्या अस्करच्या ॲल्युमिनियम कारखान्यात किंवा आसपासच्या वर्कशॉपमध्ये राबणाऱ्याला कमी ऐकू यायला लागलं, की तो मशीनच्या आवाजाला दोष देतो. पण तो आवाज सहसा दोन्ही कान बिघडवतो. एकच कान जड झाला, त्यात शिट्टी वाजत राहिली, चालताना तोल जाऊ लागला, तर कानाची चाचणी आणि कॉन्ट्रास्टचा एमआरआय टाळू नका. ग्राइंडिंग करताना कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल तर ते आधीच सांगा. एमआरआयच्या चुंबकाने तो हलला तर डोळ्याला इजा होते.

एमआरआयमध्ये कानाच्या नसेवर गाठ निघाली तरी हादरू नका. ही गाठ, म्हणजे अकौस्टिक न्यूरोमा, कॅन्सर नव्हे. ती वर्षाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर वाढते, काही तर वाढतच नाहीत. म्हणून लहान गाठीवर आधी नुसतं लक्ष ठेवतात, सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी एमआरआय. मुंबई-पुण्यात खासगी सेंटरमध्ये त्याला साधारण 8 ते 15 हजार रुपये पडतात. सुट्टीवर येताना जुनी सीडी आणा, मागच्या मापाशी ताडून पाहावं लागतं.

गाठ वाढत असेल, पण 3 सेंटिमीटरच्या आत असेल, तर गामा नाइफ करता येतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात ही सोय 1997 पासून आहे. कवटी न उघडता एका दिवसात किरणं देतात. गाठ जात नाही, वाढ थांबते, त्यामुळे एमआरआयचा खर्च पुढेही राहतोच. मेंदूच्या देठावर दाब आणणारी मोठी गाठ मात्र शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. दोन्हींचा खर्च लाखांत जातो. शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकात आयसीयूचे दिवस आणि चेहऱ्याच्या नसेचं मॉनिटरिंग धरलंय का, हे विचारा. ती नस गाठीला लागूनच जाते. मॉनिटरिंगवर पैसे वाचवू नयेत.

माझ्या मते खरा खर्च रजेचा आहे. बहारीनच्या 2012 च्या कामगार कायद्याप्रमाणे वर्षाला आजारपणाची रजा 15 दिवस पूर्ण पगारी, 20 अर्धपगारी आणि 20 बिनपगारी मिळते. शस्त्रक्रियेनंतर सावरायला 6 ते 12 आठवडे लागतात, उंचीवरच्या कामाला त्याहून जास्त. गामा नाइफनंतर बरेच जण आठवड्याभरात कामावर जातात. तेव्हा ऑपरेशन ठरलं तर वार्षिक 30 दिवसांची रजा आधी गावच्या लग्नात संपवू नका.

कंपनीचा विमा भारतातले उपचार देतो का, हे लेखी घ्या. देत नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. त्यासाठी रेशनकार्डावर तुमचं नाव अजून आहे ना, एवढं आज रात्रीच्या फोनवर घरी विचारून घ्या.