आधी वायरिंग, मग नखरे

हे बघ, ताबा मिळाल्याचे पेढे खाल्ले, जीव सुखावला, आता जरा माझ्याजवळ बस. इंटिरियरवाल्याचं कोटेशन तू काल पाठवलंस. फर्निचरबद्दल मी अवाक्षर काढणार नाही, त्यात तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. पण शेवटच्या पानावर ‘फुल होम ऑटोमेशन’ म्हणून जो आकडा आहे ना, तो मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. तेवढ्यात अख्खं स्वयंपाकघर होतं गं.

आता जावईबापूंना वाटेल, ताई जुन्या वळणाची आहे. तसं नाही. आमच्याकडे यातलं बरंच काही आहे. काही गोष्टींवाचून माझं पान हलत नाही आणि काही खोक्यासकट माळ्यावर पडल्या आहेत. म्हणूनच सांगते, पॅकेज घेऊ नकोस. एकेक गोष्ट घे, आणि तीही राहायला गेल्यावर.

आत्ता मात्र एक काम कर, जे तुला त्या माणसाने सांगितलेलं नाही, कारण त्यात त्याला काही सुटत नाही. प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल आहे का, ते इलेक्ट्रिशियनला उघडून दाखवायला सांग. साध्या बटणाला फेज आली, दिव्याकडे गेली, संपलं काम. स्मार्ट स्विच मात्र दिवा बंद असतानाही जागा असतो, वाय-फायवर कान लावून बसलेला असतो. त्याला स्वतःचा घास लागतो, म्हणून सहसा न्यूट्रल लागतो. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे तो आलेलाच असतो. घोळ होतो तो नुसती बटणं असलेल्या बोर्डांचा: बाथरूमबाहेरचा, पॅसेजमधला, पलंगाच्या उशाशी असलेल्या टू-वेचा. पीओपी आणि रंगाच्या आधी तिथे वायर ओढून घेणं म्हणजे थोडी वायर आणि थोडी मजुरी. नंतर तेच करायचं तर भिंत फोडा, पुट्टी भरा, पुन्हा रंगवा. त्याच दमात भिंतीतले डबे खोल बसवून घे, म्हणजे पुढेमागे बटणांच्या मागे छोटी मॉड्यूल मावतील. पडद्याच्या पेल्मेटपाशी वर एक पॉइंट काढून ठेव. मोटर घेशील किंवा नाही घेणार, पॉइंट असू दे. आणि राउटरसाठी घराच्या मध्यावर पॉइंट आणि केबल घे. सगळे लोक तो टीव्हीच्या मागे कोंबतात आणि मग आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून रडतात. आरसीसीची भिंत वाय-फाय गिळते.

आता विजेचं बिल. ‘मॅडम, बिलात केवढा फरक पडतो!’ असं तो म्हणाला असेल. जरा हिशेब मांडू. नऊ वॉटचा एलईडी तू दहा तास विसरलीस तरी युनिटचा दहावा भागही जळत नाही. उलट प्रत्येक स्मार्ट उपकरण नुसतं ताटकळत अर्धा ते एक वॉट खातं. अशी वीस लावलीस, तर महिन्याला सात ते चौदा युनिटं तीच गिळणार. गीझरचंही तेच. पंधरा लिटरचा दोन किलोवॉटचा गीझर थंडीत वीस मिनिटांच्या आसपास पाणी तापवतो, साधारण सहा दशांश युनिट घेतो आणि थर्मोस्टॅट त्याला बंद करतो. विसरून चालू राहिला तर थोडी वीज वाया जाते, पण घर बुडत नाही. टाइमर लावलास तर ‘अगं, गीझर बंद केला का?’ हा लिफ्टमधला प्रश्न मात्र सुटतो, आणि तेवढ्यासाठी घ्यायचा असेल तर जरूर घे. फक्त सोळा अँपिअरचा घे, दिव्याच्या प्लगवर गीझर लावू नकोस. बिल खरोखर उतरवायचं असेल तर बीएलडीसी पंखे लाव. साधा पंखा पंचाहत्तर वॉट खातो, हा पूर्ण वेगात तीसच्या आसपास. बारा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला पंधरा-सोळा युनिटं वाचतात. रिमोट सोबत येतो, ॲप नसलं तरी अडत नाही. जुना रेग्युलेटर मात्र मधून काढून टाक.

मग मी कशाला ‘असावंच’ म्हणते? आईबाबा तुझ्याकडे राहायला येतील ना, त्यांच्यासाठी. पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाच्या उंचीवर मंद दिवे आणि हालचाल ओळखणारा सेन्सर. रात्री उठले की उजेड, बटण चाचपडणं नाही. हा सगळ्या घरातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी भाग आहे. पण तोच सेन्सर टॉयलेटच्या आत लावू नकोस हं. तो उष्ण अंगाची हालचाल टिपतो. माणूस शांत बसला की दिवा बंद, मग आतून हात हलवत बसा! आमच्याकडे एक पाहुणे असेच अंधारात हाका मारत होते.

दुसरं, गॅसचा डिटेक्टर. इथे विकणारेही चुका करतात. तुमच्या सोसायटीत पाइपगॅस आहे, तो मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. म्हणून डिटेक्टर वर, छताजवळ. सिलिंडर असता तर एलपीजी जड, खाली साचतो, तेव्हा तो जमिनीजवळ लागला असता. कोण कुठे लावतोय ते उभं राहून बघ.

रंग बदलणारे स्मार्ट बल्ब घेऊ नकोस. का, तर आई. झोपण्याआधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करणारी बाई आहे ती. भिंतीवरचं बटण बंद झालं की बल्बची सगळी अक्कल गेली, मग ॲपमधून कितीही बोट दाब. अक्कल बटणामागे असू दे, बल्ब साधा असू दे, म्हणजे आई, कामाच्या मावशी, पाहुणे, सगळ्यांना नेहमीसारखं टकटक करता येईल. शिवाय अलेक्साला हिंदी-इंग्रजी कळतं. आई तिला ‘दिवा मालव गं बाई’ म्हणणार, आणि ती ढिम्म.

दाराचं बोटाच्या ठशाचं कुलूप तुला हवंच आहे, घे. किल्लीचं भोक असलेलं घे आणि एक किल्ली माझ्याकडे दे. वय झालं, धुणीभांडी करून कातडी झिजली की ठसे उठत नाहीत, म्हणून आईबाबांसाठी आकड्यांचा कोड ठेव. सेल संपत आल्याचं ते ओरडून सांगतं, तेव्हा ‘उद्या बदलू’ म्हणायचं नाही.

कॅमेरा दाराबाहेर हवा तेवढा लाव. हॉलमध्ये लावणार असशील तर मावशींना आधी सांग. चोरून बघणं मला पटत नाही, आणि त्यांच्या जागी तुलाही पटलं नसतं.

आणखी एक, कंपनीचं. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा स्मार्ट-होम हब होता. नेस्टने तो बनवणारी कंपनी घेतली आणि 2016 मध्ये हब बंदच करून टाकला. लोकांच्या घरात नुसता डबा उरला. 2022 च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट-होम कंपनीचे सर्व्हर असेच अचानक गेले. म्हणून विक्रेत्याला दोनच प्रश्न विचार: इंटरनेट गेलं तर घरातल्या घरात हे चालतं का? आणि यावर मॅटरची खूण आहे का? मॅटर हे 2022 मध्ये आलेलं सामाईक मानक आहे, त्यामुळे एका कंपनीचं उपकरण दुसरीच्या ॲपशी जुळतं. ‘सगळं आमच्याच ॲपमध्ये’ असं उत्तर आलं, तर चहा पाजून वाटेला लाव. राउटर इन्व्हर्टरवर घ्यायला विसरू नकोस, नाहीतर वीज गेली की ॲप फोनमध्ये नुसतं गोल फिरत बसेल.

तर ते शेवटचं पान कोटेशनमधून काढायला सांग. तो कुरकुर करेल, करू दे. रविवारी इलेक्ट्रिशियन येईल तेव्हा बोर्ड उघडल्यावर मला व्हिडिओ कॉल लाव, आणि न्यूट्रल ओढल्याशिवाय पीओपीवाल्याला घरात पाऊल टाकू देऊ नकोस.