कॅम बदलायच्या आधी, बावा, जरा बस माझ्यापाशी

बावा, तुझ्या मनातलं मला कळतं. रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 घेऊन पुरतं वर्ष झालं नाही, हप्ते चालू आहेत, आणि आता तुला वाटतं की गाडीत दम आहे पण कंपनीनं तो दाबून ठेवलाय. कुणीतरी मोबाईलवर परफॉर्मन्स कॅम टाकलेली गाडी दाखवली, तिचा आवाज ऐकवला, तेव्हापासून तुझं दुसऱ्या कशात लक्ष नाही. "ताई, गाडी कशी उडाली पाह्यजे!" मी रागावणार नाही. इंजिनाचं वेड मला चांगलंच ठाऊक आहे, जळगाव जामोदात स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसून ते मलाही लागलंय. म्हणूनच सांगते, पैसे मोजायच्या आधी कॅम नेमकं काय करतो ते समजून घे. विकणारा त्यातलं अर्धंच सांगतो.

मिस्त्रीकडे एखाद्या गाडीचं हेड उघडलेलं दिसलं तर कॅमशाफ्ट मागून घे आणि हातात धरून बघ. लहानसा, गुळगुळीत दांडा. त्यावर जे उंचवटे असतात ते लोब. लोबवरून अंगठा फिरव. गोल भागावर काहीच जाणवत नाही, मग हळूच चढ लागतो, टोक येतं आणि उतार. एवढाच तो चढ, पण तोच रॉकरला ढकलतो आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमची एक होते. म्हणजे इंजिन 4000 आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 2000 वेळा उघडतो, सेकंदाला 33 वेळा. व्हॉल्व्ह किती खाली जाणार (लिफ्ट) आणि किती वेळ उघडा राहणार (ड्युरेशन), हे सगळं त्या चढाच्या आकारावर ठरतं. परफॉर्मन्स कॅमचा चढ जास्त उंच असतो आणि जास्त पसरट. व्हॉल्व्ह जास्त उघडतो, लवकर उघडतो, उशिरा मिटतो.

हा उशीर काय करतो ते नीट ऐक, सगळी मेख इथेच आहे. इंजिन जोरात फिरत असतं तेव्हा आत घुसणाऱ्या हवेला स्वतःचा वेग असतो. पिस्टन खालून वर यायला लागला तरी ती थांबत नाही, आत शिरतच राहते. अशा वेळी व्हॉल्व्ह थोडा उशिरा मिटला तर सिलिंडर जास्त भरतो आणि ताकद वाढते. पण तेच इंजिन 2000-2500 वर फिरत असताना हवेला तेवढा जोर नसतो. मग वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण उघड्या व्हॉल्व्हमधून परत बाहेर ढकलतो. भरलेलं पोतं अर्धवट रिकामं झालं म्हणायचं. शिवाय या कॅमवर इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा काळ वाढतो. वरच्या फेऱ्यांत त्याचा फायदा होतो, पण खाली जळका धूर आतल्या ताज्या हवेत मिसळतो. मोबाईलवर ऐकलेला तो अडखळता, धडधडणारा आयडलिंगचा आवाज तुला दमदार वाटला ना? तो इंजिन खाली नीट श्वास घेत नसल्याचा आवाज आहे रे.

म्हणजे कॅम ताकद फुकट देत नाही. खालून काढतो आणि वर नेऊन ठेवतो. तुला खाली हवी की वर, एवढाच प्रश्न उरतो.

आता तुझ्याच गाडीचे आकडे बघ. 349 सीसीचं हे इंजिन 4000 आरपीएमला 27 न्यूटन मीटर टॉर्क देतं आणि 6100 ला 20.2 अश्वशक्ती. हिशोब केला तर 4000 ला साधारण 15 अश्वशक्ती होते. गाडीचं वजन 195 किलो. एवढं धूड थांबल्या जागेवरून उचलायचं, मागे कुणी बसलं तर त्याच्यासकट, म्हणून कंपनीनं मुद्दाम खालच्या फेऱ्यांत ओढणारा कॅम दिलाय. बुलेटची ओळखच ती आहे. तुझ्या क्लासिकला आरपीएमचा काटासुद्धा दिलेला नाही, कारण काट्याकडे बघत पळवायची ही गाडीच नव्हे.

आणि तू चालवतोस कुठे? नांदुऱ्याला जाताना पुढे कापसाची ट्रॉली असते, तिच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगत जायचं. पूर्णेचा पूल ओलांडायचा, मध्ये एसटीला जागा द्यायची, बाजाराच्या दिवशी गावातून पाय टेकवत निघायचं. बऱ्हाणपूरकडे सातपुड्याचा घाट चढलास तरी वळणावळणावर वेग मोडतो आणि पुन्हा खालूनच उचलावं लागतं. तुझ्या दिवसभरातला किती वेळ इंजिन 5000 च्या वर जातं? खरं सांग. मला तर वाटतं, ओव्हरटेकचे ते काही क्षण सोडले तर जातच नाही. आणि वैशाखात 44-45 अंशांत, हवेवर थंड होणारं इंजिन, त्यात नव्या कॅमसाठी आयडलिंग वाढवून ठेवलेलं, ॲव्हरेज उतरलेलं. नवा कॅम टाकून तू आहे ती गाडीही बिघडवून बसशील, ही माझी खरी भीती आहे.

मामाची आरएक्स 100 कशी उडायची, हा दाखला तू मागेही दिला होतास. अरे, आरएक्सला कॅमच नसतो! ती टू-स्ट्रोक. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो आणि झाकतो, कॅमनं उघडणारे व्हॉल्व्ह नाहीत, रॉकर नाहीत, आणि प्रत्येक फेरीला एक स्फोट. त्या गाडीचा वेडेपणा तुझ्या गाडीत कॅमनं येणार नाही.

बरं, कॅम एकटा येतही नाही. व्हॉल्व्ह जास्त खाली आला की पिस्टनला भिडायची भीती असते. चांगला मिस्त्री पिस्टनच्या डोक्यावर मऊ मातीचा गोळा ठेवतो, हेड बसवतो, इंजिन हातानं दोन फेऱ्या फिरवतो, पुन्हा उघडतो आणि मातीत व्हॉल्व्हचा ठसा किती खोल गेला, खाली किती माती उरली ते मोजतो. हे न करता कुणी तासाभरात कॅम बसवून देतो म्हणाला तर त्याच्या हातात किल्ली देऊ नकोस. मग कडक स्प्रिंग लागतात, नाहीतर वरच्या फेऱ्यांत व्हॉल्व्ह लोबच्या मागे तरंगत राहतो. गाडी बीएस-6, फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं हे ईसीयू ठरवतो आणि त्याला नवा कॅम माहीत नाही. त्याचं मॅपिंग नव्यानं करावं लागतं, तेही डायनोवर, ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, म्हणजे पुण्या-मुंबईची वाट. कॅमची किंमत ही नुसती सुरुवात असते.

वॉरंटी तर त्याच दिवशी संपली समज. आणि कायदाही ऐकून ठेव, घाबरवायला सांगत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ खाली, परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅम बाहेरून दिसत नाही हे खरं. पण उद्या अपघात झाला आणि विम्याच्या माणसानं इंजिन उघडायला लावलं, तर काय सांगशील? आईबाबांच्या नावावर कर्ज आहे, एवढं ध्यानात असू दे.

कॅम वाईट असतो असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. 2018 मध्ये अठरा वर्षांच्या केला रिव्हासनं अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर रॉयल एनफिल्डची कॉन्टिनेंटल जीटी 650 ताशी 150 मैलांच्या वर नेली. आपल्या हिशोबात 240 किलोमीटरच्याही पुढे. मला त्या पोरीचं फार कौतुक आहे. पण ती गाडी रेससाठीच तयार केलेली होती, समोर मैलोन्‌मैल सपाट मीठ आणि मूठ पूर्ण पिळलेली. वरच्या फेऱ्यांतली ताकद अशा ठिकाणी कामी येते. तुलाही कधी कोईम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर उतरायचं असेल, तर एखादी जुनी गाडी त्यासाठी वेगळी घे, तिच्यात कॅम, स्प्रिंग, मॅपिंग सगळं नीट कर. पहिली शंभराची नोट मी काढून देईन.

तोवर रोजच्या गाडीकडे बघ. टॅपेटचं अंतर फिलर गेजनं तपासून घे. ते घट्ट झालं तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि पिकअप जातो. एअर फिल्टर काढून उजेडात धर. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांतली धूळ त्यात कशी बसते ते तुला दिसेल, आणि "गाडी ओढत नाही" म्हणून आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी पोरांचं उत्तर तिथेच सापडतं. चेन ताणून तेल दे, टायरची हवा बघ. एवढं करूनही ओढ कमीच वाटली तर मागचं स्प्रॉकेट एखाद-दुसऱ्या दातानं मोठं करायचं का, ते मिस्त्रीला विचार. वरचा वेग थोडा जाईल, पण उचल रोज हाताला जाणवेल, आणि पटलं नाही तर तेवढ्याच कामात जुनं परत बसतं. तेही कंपनीच्या मापाबाहेरचंच, म्हणून वॉरंटीचं सर्व्हिस सेंटरला आधी विचारून घे.

इतकं ऐकूनही कॅमच हवा असेल, तर विकणाऱ्याला विचार: लिफ्ट किती, ड्युरेशन किती, ताकद कोणत्या आरपीएमपासून वाढते, स्प्रिंग सोबत देणार का, मॅपिंग कोण करणार. पक्कं बिल माग. आणि कंपनीचा जुना कॅम मिस्त्रीकडे सोडून येऊ नकोस. त्याला तेल लाव, कापडात गुंडाळ आणि माझ्याकडे आणून दे. मी काउंटरच्या खालच्या खणात ठेवीन, तुझं नाव लिहून.