दाताची कीड आणि शिळा ऊस



या पानावर दर वेळी आम्ही बेणे, लागण, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या अंकात दातांविषयी लिहायला घेतले, याचे काहींना नवल वाटेल. पण तसे कारण घडले. आम्ही काही दंतवैद्य नव्हे. कृषी पदविका घेऊन वीस वर्षे उसाच्या फडात हिंडलेली आम्ही माणसे. जे स्वतः सोसले, जे डॉक्टरांकडून समजून घेतले आणि जे आपल्या धंद्याच्या भाषेत सांगता येईल, तेवढेच येथे मांडत आहोत.

दुखायचे थांबले, म्हणून बरे झाले?

मागच्या हंगामाच्या तोंडावर आमची खालची दाढ ठणकू लागली. तोडणीचा कार्यक्रम लावायचा होता, टोळ्या यायच्या होत्या. दवाखान्याला वेळ कुठला? लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, दुकानातून गोळी आणली. पंधरा दिवसांनी ठणका आपोआप थांबला. आम्ही म्हटले, सुटलो एकदाचे. पुढे दोन महिन्यांनी एका सकाळी उठलो तो गाल टम्म सुजलेला, अंगात ताप आणि तोंडात घास जाईना.

आमचा पुतण्या आकुर्डीला राहतो. देहूहून निघालेल्या तुकोबांच्या पालखीचा मुक्काम पडतो ते हे आकुर्डी. आपले वारकरी सभासद ते चांगले ओळखतात. पुढे स्कूटरच्या कारखान्यामुळे गावाचे नाव देशभर झाले आणि आता तर सगळे शहरच झाले आहे. पुतण्याने आम्हाला त्याच्या घरच्या नेहमीच्या दंतवैद्य बाईंकडे नेले. आजोबांची कवळी आणि नातवाचा दुधाचा दात एकाच खुर्चीत पाहणारा तो दवाखाना. बाईंनी एक्स-रे काढला आणि म्हणाल्या, "काका, दुखायचं थांबलं तेव्हाच यायला हवं होतं. दाताची नस मेली म्हणून दुखणं थांबलं. रोग आत चालूच होता."

हे ऐकताच आम्हाला लाल सड झालेला ऊस आठवला. सुरुवातीला बाहेरून कांडी चांगली दिसते. उभी चिरली की आत लाल आणि मध्ये पांढरे आडवे पट्टे. शेतकऱ्याला आम्ही दर वर्षी सांगतो, वरून पाहून फसू नका, चिरून बघा. आणि स्वतःच्या तोंडाच्या बाबतीत आम्हीच फसलो. वर्षभर आधी गेलो असतो तर एका बैठकीत दाढ भरून निघाली असती. आता नळी साफ करून टोपी बसवायला चार खेपा झाल्या.

कीड म्हणजे अळी नव्हे

आपण 'दाताला कीड लागली' म्हणतो, त्यामुळे अनेकांना वाटते की दातात खोडकिड्यासारखी अळी शिरते. जत्रेत दातातून अळ्या काढून दाखवणारे लोक याच समजुतीवर पोट भरतात. ती हातचलाखी असते. दातात अळी नसतेच.

खरा प्रकार असा आहे. तोंडात असंख्य जिवाणू असतात. त्यांपैकी स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हा यातला एक मुख्य गुन्हेगार. १९२४ साली इंग्लंडमध्ये क्लार्क नावाच्या शास्त्रज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले. आपण गोड खाल्ले की हे जिवाणूही साखर खातात आणि आम्ल बाहेर टाकतात. त्या आम्लाने दातावरच्या कठीण थरातील कॅल्शियम व स्फुरद विरघळू लागते.

जमिनीचा सामू आपल्याला माहीत आहे. तसाच तोंडालाही सामू असतो. एरवी तो ७ च्या आसपास राहतो. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातावरच्या थरात तो साडेपाचच्या खाली जातो आणि तेथून दात झिजायला लागतो. लाळ ते आम्ल हळूहळू धुऊन काढते आणि दाताला क्षार परत देते; पण त्याला अर्धा तास, कधी अधिकही वेळ लागतो.

शिळ्या उसाचे उदाहरण

तोडलेला ऊस लवकरात लवकर गाळपाला आणा, असा आग्रह आपला कारखाना का धरतो? ऊस पडून राहिला की तोडलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू आत शिरतात. ते उसातील साखर खातात, आम्ल करतात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. रस बुळबुळीत होतो आणि उतारा घसरतो.

तोंडातला जिवाणू जवळजवळ हेच करतो. साखरेपासून तो तसलाच चिकट पदार्थ बनवतो आणि त्याच्या आधाराने दाताला चिकटून बसतो. सकाळी दातावरून जीभ फिरवली तर जो बुळबुळीत थर लागतो, तोच हा. म्हणून नुसती चूळ भरून तो जात नाही, घासूनच काढावा लागतो. शिळा ऊस गव्हाणीत घालायचा नाही आणि शिळी साखर दातावर ठेवायची नाही, असे हे साधे गणित आहे.

किती खाल्ले, की किती वेळा खाल्ले?

कोणी म्हणेल, साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखरेची निंदा कशाला? आम्ही निंदा करीत नाही. पण ज्या मालावर आपली चूल पेटते, त्याचा गुण आणि दोष आपणच आधी सांगावा, हे प्रामाणिकपणाचे आहे.

१९४५ नंतर काही वर्षे स्वीडनमध्ये विपेहोल्म या मनोरुग्णालयात एक प्रयोग झाला. रुग्णांची संमती न घेता केलेला तो प्रयोग आज कोणीही योग्य म्हणणार नाही. मात्र त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने दात फारसे किडले नाहीत, पण दोन जेवणांच्या मध्ये वारंवार खाल्लेल्या चिकट टॉफीने ते भराभर किडले.

आता आपला हिशोब मांडून पाहा. शेतावर, चावडीवर, पाहुण्याकडे, काट्यावर असे दिवसाला आठ गोड चहा झाले आणि प्रत्येकाचे आम्ल अर्धा तास राहिले, तर दात दिवसातून चार तास आम्लात बुडालेला राहतो. गूळ घातला तरी हिशोब बदलत नाही. त्यापेक्षा गोड खायचे ते जेवणाबरोबर खावे. वरचे चहा कमी करावेत किंवा बिनसाखरेचे घ्यावेत. ऊस चघळल्यावर पाण्याने चूळ भरावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असली तर आणखी चांगले. मोठ्या माणसाला ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे.

सहाव्या वर्षाची दाढ

आईबापांनी हा भाग नीट वाचावा. दुधाचे दात २० आणि पक्के दात ३२. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. त्या जागी कोणताही दात पडलेला नसतो, म्हणून घरचे तिला दुधाची समजतात आणि "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, आयुष्यभराची असते. तिच्या खोल खाचा किडण्याआधीच बुजवून घेता येतात.

दुधाच्या दातांचीही हयगय करू नये. ते पक्क्या दातांची जागा राखतात. उसात नांग्या पडल्या की ओळ बिघडते, तसा दुधाचा दात अकाली गेला की मागचे दात पुढे सरकतात आणि नवा दात वाकडा येतो. तान्ह्या बाळाला दुधाची गोड बाटली तोंडात ठेवून झोपवू नये.

दवाखान्यात काय करतात?

पुष्कळ लोक केवळ भीतीपोटी जात नाहीत. म्हणून थोडक्यात माहिती देतो.

१. सफाई : दातावर साचलेले कीटण यंत्राने काढतात. 'सफाईने दात हलतात' हा गैरसमज आहे. कीटणाने हिरड्या आधीच सैल झालेल्या असतात, ते कीटण निघाल्यावर कळते एवढेच.

२. दात भरणे : किडलेला भाग काढून मसाला भरतात. कीड वरवर असताना हे काम सोपे आणि कमी खर्चाचे असते.

३. नळीचा उपचार, म्हणजे रूट कॅनॉल : कीड नसेपर्यंत गेली की आतला खराब भाग काढून, नळी साफ करून बंद करतात. बहुधा वर टोपी बसवतात. सुई देऊन जागा बधिर केलेली असते. आमचा अनुभव असा की सुजेच्या रात्रीपुढे ती खुर्ची काहीच नव्हती.

४. दात काढणे : वाचवता येत नसेल तरच. वरचा दात काढल्याने नजर जाते, हेही खोटे. मात्र मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ होण्याची गोळी किंवा गरोदरपण असेल तर ते आधी सांगावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

५. गेलेल्या दातांची भरपाई : काढता-घालता येणारी कवळी, शेजारच्या दातांच्या आधाराचा पूल किंवा हाडात बसवलेला स्क्रूचा दात.

खर्चाची अडचण असेल त्यांनी दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. तेथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च बहुधा कमी पडतो. आपल्या भागात पिंपरीच्या संत तुकारामनगरात असे महाविद्यालय आहे.

हिरड्या, मिशरी आणि गुटखा

घासताना रक्त आले की लोक घासणेच सोडतात. हे उलटे आहे. रक्त येणे ही हिरडीच्या सुजेची खूण. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आटोक्यात राहत नाही, अशी ही दुहेरी साखळी आहे.

मिशरीने दात घट्ट होतात, असे आमची चुलती म्हणायची. सकाळ-संध्याकाळ मिशरी. गालाच्या आत पांढरा चट्टा आला तो वर्षभर कोणाला दाखवला नाही. दुखत नाही, मग कशाला दाखवायचा? दाखवला तेव्हा फार उशीर झाला होता. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दात घट्ट करीत नाही, तलफ लावते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण तंबाखू-सुपारीची सवय घराघरात आहे. न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंडात आपलीच तीन बोटे उभी न जाणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात दाखवावे. दुखण्याची वाट पाहू नये. भगिनींनी ही ओळ दोनदा वाचावी.

रोजचे वेळापत्रक

१. सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटे मऊ ब्रशने दात घासावेत. रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी होते.

२. फ्लोराईडची पेस्ट वापरावी. मोठ्यांनी थोडी, ३ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी, त्याहून लहानांना तांदळाच्या दाण्याएवढी. फ्लोराईड सूक्ष्म अन्नद्रव्यासारखे आहे. प्रमाणात हितकारक, जादा झाले की दातांवर डाग. बोअरचे पाणी पिणाऱ्यांनी ते तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नसावे.

३. राख, वीटकर, कोळसा, मिशरी बंद. त्यांनी दात झिजतात.

४. ठणकणाऱ्या दाढेत तंबाखू, पेट्रोल किंवा गोळीची पूड भरू नये. हिरडी भाजते.

५. अपघातात पक्का दात मुळासकट निघाला तर मूळ न घासता तो दुधात ठेवून लगेच दवाखाना गाठावा. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात तो परत बसण्याची आशा चांगली असते.

६. सहा महिने ते वर्षातून एकदा तपासणी करावी.

शेवटी एक विनंती. तोडणीला येणाऱ्या मजुरांची मुले दिवसभर फडात ऊस चघळत असतात. त्यांना घासायला ब्रश कोण देणार? गटाच्या सभासदांनी मनावर घेतले तर टोळीमागे दोन-चार ब्रश आणि एक पेस्ट हा खर्च जड नाही.

हंगाम संपला की आपण कारखान्याची मिल उघडतो, रोलर तपासतो, झिजलेले बदलतो आणि मगच बॉयलर पेटवतो. चालू हंगामात मिल बंद पडली तर काय होते, हे सभासदाला सांगायला नको. आपल्या तोंडातील ही ३२ दात्यांची मिल तर वर्षाचे बारा महिने चालते. तिलाही बंद हंगामात एक दिवस द्या. आम्ही दिला नाही, म्हणून हे लिहावे लागले.

पुढील अंकी नेहमीप्रमाणे खोडवा व्यवस्थापन.