तारा तुटल्या तर हाक कशी पोचवायची?



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कशी होती, ते घरी आजी-आजोबांना विचारा. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झाले होते. गावे गाढ झोपेत होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत दगडमातीची घरे कोसळली. सुमारे दहा हजार माणसे दगावली.

भूकंपात खांब पडतात, तारा तुटतात. वीज गेली की मोबाइलचा मनोराही काही तासांत मुका होतो. मग ढिगाऱ्याखाली माणूस आहे, हे सांगायचे कुणाला? अशा वेळी बिनतारी संदेश यंत्र कामी येते. त्यावर बोलताही येते, ऐकताही येते. लातूरच्या त्या भूकंपात हौशी रेडिओ चालवणाऱ्या 'हॅम' मंडळींनी निरोप पोचवले होते.

गावासाठी असे यंत्र घ्यायचे तर काय पाहावे?

१) अंतर : हातातल्या वॉकी-टॉकीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. गाव-शिवारापुरता तो पुरतो. मधे टेकडी आली की आवाज अडलाच! मुंबईपर्यंत बोलायचे तर लघुलहरींचा संच हवा. त्या लहरी आकाशातल्या उंच थरावरून परत खाली वळतात.

२) वीज : मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा संच बरा.

३) एरियल : जितका उंच, तितका चांगला. संच भारी आणि एरियल जमिनीलगत, तर पैसे पाण्यात.

४) पाणी : नांदेडकडे गोदावरीला पूर येतो. तिथे भिजला तरी चालणारा संच घ्यावा.

५) मेळ : सगळ्यांचे संच एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलणारे हवेत.

बोलताना बटण दाबायचे, झाले की 'ओव्हर' म्हणून सोडायचे. एका वेळी एकानेच बोलायचे.

पालकहो, हॅम रेडिओसाठी केंद्र सरकारची परीक्षा व परवाना लागतो. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही ती देता येते. यंत्र आणून कपाटात ठेवू नका, दर महिन्याला बोलून पाहा. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?

करून पाहा : 'कोण, कुठे, किती जण, काय हवे' हा निरोप दहा शब्दांत लिहा.