रेडकाचा हक आणि दुधाचा हिशेब

पेण आणि रोहा तालुक्यांत आपले काही मुस्लिम बांधव दुकान किंवा कारागिरी सांभाळून घरी दोन-चार म्हशी बांधतात. दूध गिऱ्हाइकाला गेले की घरचा वरखर्च सुटतो. पण या हिशेबात एक वाटेकरी विसरला जातो, तो म्हणजे रेडकू. दूध महाग म्हणून रेडकू उपाशी ठेवून मरू देण्याची चाल मुंबईच्या तबेल्यांत जुनी आहे. ती आपल्या गोठ्यात येऊ नये. मुक्या जनावराचा हक मारणे हा गुनाह तर आहेच, शिवाय तोट्याचा सौदाही आहे. रेडकू मेले की म्हैस पान्हा चोरते, आणि पारडी असेल तर साडेतीन-चार वर्षांनी दावणीला येणारी नवी म्हैसही जाते. म्हणजे नफ्याच्या लोभात मुद्दलच गेले.

यावर एक मधला मार्ग आहे, मिल्क रिप्लेसर. ही दुधाऐवजी पाजायची भुकटी. चांगल्या भुकटीत साय काढलेल्या दुधाची पावडर, तेल, खनिजे व जीवनसत्त्वे असतात. तिचा वापर असा करावा :

१) व्याल्यानंतर पहिल्या एक-दोन तासांत रेडकाला चीक पाजावा. रोगाशी लढण्याची ताकद रेडकाला आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. २४ तासांनंतर आतडे ती घेऊ शकत नाही. ३० किलोच्या रेडकाला पहिल्या दिवसात सुमारे ३ लिटर चीक लागतो. खरवस त्यातून उरला तरच!

२) पहिला आठवडा आईचेच दूध द्यावे. मग चार-पाच दिवसांत थोडे थोडे दूध कमी करून भुकटी वाढवावी. एकदम बदल केला तर हगवण लागते.

३) पाणी उकळून कोमट करावे. साधारणपणे १ किलो भुकटीला ७ लिटर पाणी लागते. पण पिशवीवरचे माप पाहावे. पातळ करून बचत करू नये. रेडकाच्या वजनाचा दहावा हिस्सा, सकाळ-संध्याकाळ दोन वेळा, अंगाइतके ऊन असताना पाजावे. बादली रोज गरम पाण्याने धुऊन वाळवावी.

४) म्हैस पान्हा सोडण्यापुरते रेडकू आधी लावावे, मग बादलीवर आणावे.

५) दुसऱ्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी, रेडकांचा खुराक व कोवळे गवत पुढे ठेवावे. रोज पाऊण ते एक किलो खुराक खाऊ लागले की, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी, भुकटी बंद करावी.

६) आईच्या दुधातून रेडकाला गोल जंत होतात. १०-१५ दिवसांचे झाले की गुरांच्या डॉक्टरांना विचारून औषध द्यावे. हगवण लागली तर मीठ-साखरेचे पाणी चालू ठेवून त्यांना लगेच बोलवावे.

खरेदी करताना कापड पारखतो तशी पिशवी पारखावी. लहान रेडकाला सोयाबीनचे पीठ पचत नाही. स्वस्त भुकटीत तेच भरलेले असू शकते. आत काय आहे, तारीख कोणती, हे वाचावे. चरबी लिहिली असेल तर ती कशाची हे दुकानदाराला विचारावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात थानाला बुरशी लागते तशी भुकटीलाही ओल लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. गोठ्यात कोरडा पेंढा अंथरावा.

आता हिशेब. समजा भुकटी २०० रुपये किलो आहे आणि किलोत ८ लिटर तयार होते. लिटरला २५ रुपये पडले. दूध ६० रुपयांना जात असेल तर लिटरमागे ३५ रुपये वाचले. रोज ३ लिटरप्रमाणे ६० दिवसांत १८० लिटर, म्हणजे ६,३०० रुपये. आपल्या बाजाराचे भाव घालून पाहावे. फरक थोडाच असेल तर सरळ दूधच पाजावे.

शेवटची गोष्ट. ही भुकटी रेडकासाठी आहे, गिऱ्हाइकाच्या दुधात मिसळण्यासाठी नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील, दुधात पाणी घालायला नकार देणाऱ्या मुलीचा किस्सा आपण लहानपणापासून ऐकतो. तो दूधवाल्यांसाठीच आहे. रेडकाचे पोट भरा, गिऱ्हाइकाचे माप पुरे करा. बरकत देणारा अल्लाह आहे.